गेममधला व्हॉइस चॅट आणि ६ ते १० वर्षांची मुलं: सेटिंगपासून हेडसेटपर्यंत

कुंपण (धागाकर्ता)

स्क्रीन टाइमवर धागे पुष्कळ झालेत, हा फक्त आवाजाबद्दल आहे. मुलं चमूने खेळायचे गेम खेळू लागली की पहिल्याच आठवड्यात "सगळे बोलतात, मलाच बोलता येत नाही" ही तक्रार येते. त्यावर घराघरांत दोनच उपाय होतात: एकतर सगळं सुरू, नाहीतर गेमच उडवायचा. मधला रस्ता आहे, पण तो एका बटणात मिळत नाही.

सुरुवातीला एक घोळ निस्तरू. माइक बंद करणं वेगळं आणि व्हॉइस चॅट बंद करणं वेगळं. फोनवर गेमला माइकची परवानगी नाकारली तर मुलाचा आवाज बाहेर जात नाही, पण समोरच्याचा आवाज कानात येतच राहतो. शिव्या, धमक्या, "इकडे ये, तुला स्किन देतो" (स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख) हे सगळं ऐकायला माइक लागत नाही. मोबाइलवरच्या बहुतेक बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला) गेममध्ये म्हणूनच कोपऱ्यात दोन चिन्हं असतात, एक माइकचं आणि एक स्पीकरचं. पालक माइकवर काट मारून निर्धास्त होतात आणि स्पीकर 'सगळे' वर राहून जातो.

दुसरं, चॅटचे थर तीन. एक यंत्राचा, म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सची पार्टी (मित्रांचा बोलण्याचा गट). दुसरा गेमचा स्वतःचा: टीम चॅनेल, किंवा आसपास फिरणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाणारा प्रॉक्झिमिटी चॅट. तिसरा बाहेरच्या अ‍ॅपचा, उदा. डिस्कॉर्ड. एकाला कुलूप घातलं तरी बाकी दोन दारं सताड उघडी असू शकतात.

ज्यांना ज्या यंत्राची नीट माहिती आहे त्यांनी पायऱ्यांसकट लिहा. "लक्ष ठेवावं" एवढंच लिहायचं असेल तर ते गृहीत धरलेलं आहे :)


तिरपा बाण

कन्सोलचं माझ्याकडे.

प्लेस्टेशन ५: सेटिंग्ज > फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स > फॅमिली मॅनेजमेंट > मुलाचं खातं. तिथे 'कम्युनिकेशन अँड युजर जनरेटेड कंटेंट' हा पर्याय आहे, तो 'रिस्ट्रिक्ट' करा. याने व्हॉइस आणि मेसेज दोन्ही बंद होतात. पुढे एखाद्याच गेममध्ये बोलू द्यायचं असेल तर मूल त्या गेमपुरती विनंती पाठवू शकतं आणि तुम्ही तेवढीच मंजूर करू शकता. सगळं उघडण्यापेक्षा हे बरं.

एक्सबॉक्स: मुलाच्या प्रोफाइलच्या 'प्रायव्हसी अँड ऑनलाइन सेफ्टी' मध्ये 'व्ह्यू डिटेल्स अँड कस्टमाइझ' उघडा, त्यात 'कम्युनिकेशन अँड मल्टिप्लेयर'. व्हॉइस, टेक्स्ट आणि आमंत्रणं कोणाकडून येऊ द्यायची, तर सगळे, फक्त मित्र किंवा कोणीच नाही. तिथेच एक ओळ नजरेतून सुटते: एक्सबॉक्सच्या बाहेरच्या लोकांशी बोलण्याची परवानगी. क्रॉसप्ले गेममध्ये समोरचा पीसीवर किंवा दुसऱ्या कन्सोलवर असतो, त्याला ही वेगळी ओळ लागू होते. वरची बंद आणि ही चालू, असं अर्धवट कुलूप बऱ्याच घरांत असतं.

निन्टेंडो स्विच: जुन्या स्विचवर निन्टेंडोचा स्वतःचा व्हॉइस चॅट फोनवरच्या अ‍ॅपमधून चालतो, त्यामुळे मुलाकडे फोन नसेल तर तो भाग आपोआप गळतो. काही गेम मात्र हेडफोनच्या भोकातून स्वतःचा व्हॉइस चालवतात, फोर्टनाइट त्यातलाच. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये यंत्रातच माइक आहे आणि 'सी' बटणावर गेमचॅट उघडतो. १६ वर्षांखालच्या मुलाला तो वापरायचा तर पालकांनी पॅरेंटल कंट्रोल्स अ‍ॅपमधून परवानगी द्यावी लागते आणि कोणत्या मित्राशी बोलायचं तेही एकेक करून मंजूर करावं लागतं. या वयासाठी तिघांत हीच रचना मला सगळ्यात शहाणी वाटते.


पाटीपेन्सिल

वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं ते एकाच कारणाने: मूल बाबाच्या प्रोफाइलवर खेळतं. चॅटचे निर्बंध खात्याला असतात, यंत्राला नसतात. मोठ्यांच्या खात्यावर लॉगिन पासकोड नसेल तर आठ वर्षांचं पोर दोन दिवसांत शोधून काढतं की "या चित्रावर दाबलं की सगळं उघडतं."

तेव्हा आधी मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला पासकोड घाला. मग नवीन युजर बनवणं आणि पाहुणा म्हणून शिरणं बंद करा. प्लेस्टेशनवर हे कन्सोलच्या निर्बंधांत आहे आणि त्याचा मूळ पासकोड ०००० असतो. तो बदला! बदलला नाही तर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं.

आणि खातं बनवताना जन्मतारीख खरी टाका. "सगळे गेम दिसावेत म्हणून १८ टाकलं" हे फार होतं. बहुतेक ठिकाणी मुलांसाठीचे बचाव त्या तारखेवरच बेतलेले असतात. एकदा मोठ्याचं खातं झालं की चॅटच्या मूळ सेटिंगही मोठ्यांच्याच येतात.


कानोसा

गेमच्या आतल्या सेटिंगबद्दल लिहितो, कारण खरी लढाई तिथे आहे.

फोर्टनाइट: पॅरेंटल कंट्रोल्समध्ये ६ आकडी पिन ठेवता येतो. व्हॉइसचे पर्याय चार: सगळे, मित्र आणि टीममेट, फक्त मित्र, कोणीच नाही. 'मित्र आणि टीममेट' ऐकायला सोज्वळ वाटतं, पण टीममेट म्हणजे गेमने जागा भरायला आणून बसवलेला कोणीही. तो पर्याय ठेवायचाच असेल तर 'फिल' बंद ठेवून खेळायचं, म्हणजे रिकाम्या जागी अनोळखी माणूस येत नाही. या वयाला 'फक्त मित्र' च्या पलीकडे जायची गरज नाही.

आता त्यातली गोम. मित्रयादी मोकळी असेल तर 'फक्त मित्र' ला काही अर्थ नाही. मुलं खेळ संपला की समोर आलेली प्रत्येक फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारतात, त्यांच्या लेखी तो गुणांचाच एक प्रकार असतो. म्हणून मित्र जोडायला पिन लागेल हा पर्याय त्याच पानावर चालू करा. मग मित्रयादी उघडा आणि प्रत्येक नावासमोर मुलाला एकच प्रश्न विचारा: "हा कोण? याला तू कुठे भेटलास?" उत्तर "गेममध्ये" असेल तर तो मित्रयादीतून बाहेर.

फोर्टनाइटची चॅट पूर्वी लहान मुलांनाही मुळातूनच चालू असायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सविरुद्ध जी कारवाई केली, त्यात हाही एक मुद्दा होता. मुलांच्या प्रायव्हसीच्या त्या प्रकरणात २७.५ कोटी डॉलरचा दंड झाला. आता लहान वयाचं खातं आपोआप मर्यादित होतं आणि पालकांनी संमती दिल्याशिवाय व्हॉइस उघडत नाही. पण ही संमती एका ईमेलमधून मागितली जाते आणि तो ईमेल पत्ता मूलच टाकतं. तो पत्ता खरोखर तुमचा आहे ना, हे बघून घ्या.

रोब्लॉक्स: व्हॉइस १३ वर्षांखाली नाहीच, आणि त्यासाठी वय तपासून घ्यावं लागतं. इथे एक चूक मोठी महागात पडते. मूल कटकट करतं म्हणून पालक कॅमेऱ्यासमोर स्वतःचा चेहरा धरतात. त्याने चॅट उघडते, पण मुलाचं खातं मोठ्यांच्या वयोगटात जाऊन बसतं आणि गप्पाही मोठ्यांशी जुळतात. कटकट परवडली.

माइनक्राफ्ट: यात व्हॉइस मुळात नाहीच. तरी मूल माइनक्राफ्ट खेळताना बोलत असेल तर दुसरं काहीतरी चालू आहे, मॉड (गेमला बाहेरून जोडलेली भर) नाहीतर डिस्कॉर्ड. डिस्कॉर्डची किमान वयोमर्यादा १३ आहे. तिथला फॅमिली सेंटर मूल कोणाशी बोललं ते दाखवतो, काय बोललं ते नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी डिस्कॉर्ड हे उत्तर नव्हे.


अर्धविराम

सगळं मान्य, पण एक सोपी युक्ती कोणीच लिहिली नाही. गेममधला चॅट पूर्ण बंद ठेवा. ओळखीच्या दोन-तीन मुलांचे पालक आपापल्या फोनवरून कॉन्फरन्स कॉल लावतात, फोन स्पीकरवर टाकून मुलाशेजारी ठेवतात. मुलं हवी तेवढी आरडाओरड करतात. कॉलमध्ये कोण आहे हे पालकांना ठाऊक, अनोळखी माणूस शिरायला वाट नाही, आणि आवाज स्पीकरवर असल्याने घरात ऐकूही येतो. गेमच्या टीम चॅटपेक्षा आवाज किंचित मागे पडतो, पण या वयात त्याने काही बिघडत नाही.


कुंपण

@अर्धविराम, झकास. सहा-सात वर्षांच्यांसाठी तर हेच पहिलं पाऊल असावं.

एक शंका: स्पीकरवर ठेवलं तर मग हेडसेट लागतोच कशाला?


कानोसा

प्रतिध्वनी टाळायला. टीव्हीतून येणारा मित्राचा आवाज कंट्रोलरच्या माइकमध्ये परत शिरतो आणि अर्ध्या क्षणाने त्यालाच ऐकू जातो. समोरची मुलं वैतागून "तुझा माइक बंद कर" म्हणतात. कॉल फोनवरून असेल तर फोन हे बऱ्यापैकी गाळतो. कन्सोलवर गाळणी असली तरी टीव्ही मोठा केला की ती हरते. टीव्हीचा आवाज कमी आणि माइक तोंडाजवळ, एवढ्याने निम्मं काम होतं.

हेडसेटचं पुराण मात्र सविस्तर लिहितो, कारण सेटिंगवर सगळे लिहितात आणि हे राहून जातं.

दिवा. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये माइक आतच असतो आणि मधल्या छोट्या म्यूट बटणावर केशरी दिवा लागतो. तो लागला म्हणजे माइक बंद! मुलाच्या डोक्यात दिवा लागला म्हणजे चालू, पंख्याचं बटण तसंच तर असतं. परिणाम असा की मूल 'दिवा विझवून' निवांत होतं आणि पलीकडे घरातलं सगळं ऐकू जात असतं. बऱ्याच हेडसेटवरही लाल दिवा म्हणजे बंद. कंट्रोलर हातात देऊन हे तीनदा करून घ्या: दिवा लाव, म्हणजे तोंड बंद; दिवा घालव, म्हणजे तोंड उघडं. सेटिंग्ज > साउंड > मायक्रोफोन इथे लॉगिन होताना माइकची स्थिती 'म्यूट' करून ठेवा, म्हणजे विसरलं तरी सुरुवात बंदनेच होते.

उघडा माइक. कन्सोलवर बहुधा माइक सतत उघडा असतो, बटण दाबून बोलायची सोय पीसीवर जास्त सापडते. उघड्या माइकमधून मूल काय बोलतं यापेक्षा घर काय बोलतं ते जास्त बाहेर जातं. आतल्या खोलीतून कोणीतरी पूर्ण नावाने हाक मारतं, कोणी फोनवर पत्ता सांगतं, कोणी "आम्ही शनिवारी सगळे बाहेरगावी चाललोय" म्हणतं. मुलाला "पत्ता सांगू नकोस" शिकवलं आणि स्वतः मागून सांगितला, असा हा प्रकार. पीसीवर ती बटण दाबून बोलायची सोय, म्हणजे पुश टू टॉक, लावा. फक्त ते बटण कीबोर्डवर देऊ नका, डावा हात चालण्याच्या चार बटणांवर अडकलेला असतो. माउसच्या अंगठ्याजवळच्या बटणावर द्या, लहान हाताला तेच जमतं.

माइकची जागा. ओठांसमोर नव्हे, ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर. समोर धरला की 'प', 'फ', 'भ' ला फटाके फुटतात आणि श्वास घुमतो.

ओरडणं. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मूल किंचाळतं. साइडटोन किंवा माइक मॉनिटरिंग नावाची सोय असेल तर थोडी चालू करा, स्वतःचा आवाज कानात आला की सूर आपोआप खाली येतो. सोय नसेल तर एक कान उघडा ठेवून घालायचा. त्याने तुमची हाकही ऐकू जाते.


पायरीवरची

@कानोसा यांच्या प्रतिसादात कानाच्या तब्येतीची भर.

जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५. मुलांच्या हेडफोनच्या खोक्यावर '८५ डेसिबल मर्यादा' असं ठळक छापलेलं असतं. या हिशेबाने ८५ वर आठवड्याला जेमतेम ४ तास मिळतात, रोजचा तासभरही नाही. हेडफोन वाईट नाही, पण त्यावरचा आकडा हे अभयपत्र समजू नये.

मुलं आवाज वाढवतात त्याचं मुख्य कारण मित्राचं बोलणं गोळीबाराखाली दबतं हे असतं. तेव्हा एकूण आवाज वाढवण्याऐवजी गेम आणि चॅट यांचं प्रमाण बदला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये त्यासाठी सरकपट्टी आहे. चॅटकडे सरकवून मग एकूण आवाज उतरवा.


तिरपा बाण

ऐकण्यावरून आठवलं. सुरुवातीचे काही आठवडे मूल काय ऐकतंय हे पालकांनाही ऐकू यायला हवं, आणि हेडसेट नेमकं तेच अडवतो.

एक्सबॉक्सवर पार्टी चॅट हेडसेट आणि स्पीकर दोन्हींकडे पाठवता येतो, तो पर्याय निवडा. प्लेस्टेशनवर पहिल्या काळात हेडसेट न लावता कंट्रोलरचाच माइक वापरा, चॅट टीव्हीतून येईल. पीसीवर दोन पिनांचा हेडसेट असेल तर माइकची पिन तिच्या जागी, आणि हेडफोनची पिन एका भोकाची दोन भोकं करणाऱ्या स्प्लिटरमध्ये. दुसऱ्या भोकात तुमचा साधा हेडफोन. आवाज थोडा उतरतो, तेवढा वाढवून घ्या. लॅपटॉपला एकच भोक असेल तर आधी चार कड्यांच्या पिनेतून माइक आणि हेडफोन वेगळं करणारी तार लावायची, मग हे सगळं. साधा स्प्लिटर थेट लॅपटॉपला लावला तर माइक चालत नाही आणि मग उगाच हेडसेट बिघडला म्हणून बोंब होते.


अर्धविराम

हे मुलाच्या नकळत करावं का? माझं मत: अजिबात नको. आठ वर्षांच्या मुलाला "पहिला महिना मीही ऐकणार आहे" असं सरळ सांगितलं तर ते फारसं कुरकुरत नाही. लपून ऐकताना पकडलं गेलात तर पुढच्या वेळी ते दार लावून बोलेल.


पाटीपेन्सिल

किंचित असहमत. ओळखीच्यांशी बोलताना चोरून ऐकू नये हे बरोबर. पण कोणी अनोळखी माणूस मुलाला वेगळं काढतोय अशी शंका आली तर आधी विचारून मग ऐकणं हा क्रम पाळत बसू नये. त्या क्षणी मुलाचा रुसवा परवडतो.


कुंपण

दोन्ही पटतंय. मग असं ठेवू: ऐकणार हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर ऐकलं तरी ते चोरून ठरत नाही.

आता मुलाला नेमकं काय शिकवायचं? "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" याचा उपयोग होत नाही, कारण तीन सामने सोबत खेळलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी उरतच नाही.


पायरीवरची

अगदी. माणसावरून नव्हे, वाक्यावरून ओळखायला शिकवा. कोण बोलतंय हे ठरवणं मुलाच्या आवाक्यात नाही. आवाज बदलणारी सॉफ्टवेअर सहज मिळतात, "लहान मुलासारखा आवाज होता" याला काडीची किंमत नाही. काय विचारलं हे मात्र ते नक्की ओळखू शकतं.

ही वाक्यं ऐकू आली की हेडसेट काढायचा आणि मोठ्यांकडे यायचं:

"घरी कोण कोण आहे?" / "तुझ्या खोलीत टीव्ही आहे का?"
"तुझा स्वतःचा फोन आहे का? इथे नको, तिकडे बोलू."
"तुला स्किन देतो, फक्त कोणाला सांगू नकोस."
"आईबाबांना आपलं काही कळत नाही, नाही का?"
"फोटो पाठव." / "कॅमेरा लाव."

यात शिवी एकही नाही, सगळं गोड आहे. मुलांना वाईट माणूस म्हणजे रागीट माणूस असं वाटतं, म्हणून ही वाक्यं घरी गोड आवाजातच म्हणून दाखवा. क्रमही बहुतेक ठरलेला: कौतुक, भेट, गुपित, आणि मग दुसऱ्या अ‍ॅपवर चल. तो शेवटचा टप्पा महत्त्वाचा, कारण गेममधली तक्रारीची आणि नोंदीची सोय तिथे संपते.

मुलाला पाठ असावं असं एकच उत्तर पुरे: "थांब, विचारून येतो." नकार देणं मुलांना अवघड जातं, विचारून येणं सोपं जातं. आणि हे ऐकून पलीकडचा बहुधा स्वतःच निघून जातो.

टोपणनावात खरं नाव, शाळा, जन्मवर्ष नको. नावापुढे २०१७ लावलं की वय जाहीर झालं.


कानोसा

आणि एक तालीम. खेळ चालू असताना मधेच "थांब" म्हणायचं आणि मुलाने तीन सेकंदांत माइक बंद करून दाखवायचा. मग समोरच्या एकाला म्यूट करून दाखवायचं, ते थोडं जास्त वेळ घेतं, कारण मेनू उघडावा लागतो. हे दोन्ही जमेपर्यंत ओळखीच्या वर्तुळाबाहेर जाऊ देऊ नका. सात वर्षांच्या मुलांना दुसरं बहुधा जमत नाही, तेव्हा त्यांना फक्त "हेडसेट काढ" एवढंच द्या.


तिरपा बाण

तक्रारीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्हॉइसची तक्रार शिळी झाली की तिच्यातला दम जातो, कारण पुरावा सांडत असतो.

प्लेस्टेशन ५ शेवटची ५ मिनिटं धरून ठेवतं आणि त्यातला तुकडा तक्रारीला जोडता येतो. फोर्टनाइटमध्येही शेवटची ५ मिनिटंच असतात, आणि चॅनेलमध्ये कोणीही १८ च्या आतलं असेल तर ही सोय कायम चालू राहते. एक्सबॉक्सवर ६० सेकंदांचा तुकडा तुम्ही स्वतः पकडून ठेवायचा, मग तो २४ तासांच्या आत तक्रारीला जोडता येतो. म्हणजे मुलाने रात्री जेवताना सांगितलं तर आवाजाचा पुरावा बहुतेक गेलेला असतो.

म्हणून कामं वाटून घ्या. मुलाचं काम: हेडसेट काढणं आणि लगेच हाक मारणं. गेम बंद करायचा नाही, बाहेर पडायचं नाही. मोठ्यांचं काम: यादीत त्या माणसाचं नाव शोधणं, आधी रिपोर्ट, मग ब्लॉक. आधी ब्लॉक केलं तर काही गेममध्ये तो यादीतून दिसेनासा होतो आणि रिपोर्ट करायला शोधत बसावं लागतं. पडद्याचा फोटो काढा, त्यात त्याचं पूर्ण टोपणनाव, गेम आणि वेळ दिसू द्या. मेसेज असतील तर पुसू नका, कितीही किळसवाणे असले तरी. प्रकरण शिवीगाळीपुरतं असेल तर रिपोर्ट पुरे. फोटो मागणं, भेटायला बोलावणं, धमकी यातलं काहीही असेल तर पोलिसांच्या सायबर विभागाकडे जायचं आणि तोवर त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, पैसे तर मुळीच नाही.

फोटो गेलाच असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था चालवते, बाहेरच्या देशांतूनही वापरता येते. फोटो त्यांच्याकडे पाठवावा लागत नाही, तुमच्याच यंत्रावर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो.


पाटीपेन्सिल

+१. आणि हाक मारल्यावर पहिलं वाक्य "बघ, म्हणून सांगत होते, आता गेम बंद" हे नसावं. सांगितलं की गेम जातो हे एकदा शिकलं की मूल पुन्हा सांगणार नाही. त्या दिवशीचा खेळ उरलेला असेल तर चॅट बंद करून तो खेळू द्या.


अर्धविराम

खोक्यावरचं वय बघून गेम घेणाऱ्यांसाठी: ईएसआरबीचं (गेमना वयोगट ठरवून देणारी अमेरिकी संस्था) मानांकन ऑनलाइन बोलण्याला लागू नसतं, तसं ते स्वतःच लिहितात. 'युजर्स इंटरॅक्ट' अशी बारीक ओळ असेल तर तिथे लोक एकमेकांशी बोलू शकतात एवढाच अर्थ. गेम सात वर्षांच्याला चालेल, गेममधली माणसं चालतील की नाही ते खोकं सांगत नाही.


वाळूघड्याळ

सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. फोनवर मायक्रोफोन चालू आहे का हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि घरात ब्लूटूथ इयरबड पडून आहेत, तेच मुलाला कन्सोलला लावून दिले तर?


कानोसा

फोनवर: अँड्रॉइड १२ पासून पुढे कोपऱ्यात हिरवं चिन्ह दिसतं, आयफोनवर केशरी ठिपका. गेम चालू असताना ते दिसलं तर कुठलं तरी अ‍ॅप माइक वापरतंय. अँड्रॉइडवर सेटिंग्ज > अ‍ॅप्स > तो गेम > परवानग्या > मायक्रोफोन इथून काढून टाका, आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > मायक्रोफोन. विंडोजवरही याच नावाचं पान आहे, पण तिथे जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमना एकच सामाईक बटण असतं. ते बंद केलं तर गेमबरोबर व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅमही मुका होऊ शकतो, आणि सकाळी ऑनलाइन तासाला गोंधळ. आणि हो, स्पीकर वेगळा बंद करायचा, वर कुंपण यांनी लिहिलंय तसं.

इयरबड: प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स ब्लूटूथ हेडफोन थेट जोडूनच घेत नाहीत. जुना स्विच जोडतो, पण फक्त ऐकण्यापुरता, माइक चालत नाही. ३.५ मिलिमीटरच्या पिनचा, चार कड्यांचा साधा वायरवाला हेडसेट घ्या, तो कंट्रोलरच्या भोकात बसतो. वायरवरच आवाजाचं चाक आणि माइकचं सरकतं बटण असलेला बघा. सरकतं बटण वर की खाली हे मुलाला न बघता बोटाने कळतं, दाबायच्या बटणाचं तसं नाही.


वाळूघड्याळ

मग इयरबड राहू दे. वायरवालाच घेतो.